रामभाऊंच्या धोंड्यापासून एकशे एकसष्ट मीटर

माझी थोरली जाऊ उज्वलाताई सहासष्टाव्या वर्षी रानात डबे शोधत फिरते, हे मी माहेरी अजून सांगितलेलं नाही. सांगू कसं? आई विचारेल, कसले डबे, कुणाचे डबे, आणि सापडले की घरी आणता का? तर नाही आणत. सापडला की उघडायचा, आतल्या चिमुकल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, आणि होता तसा होता तिथे ठेवून द्यायचा. एवढ्यासाठी माणूस दहिवलीतून निघून चौक गावापर्यंत जातो, तिथून खालापूरच्या अंगाला दोन तास तंगडतोड करतो आणि फुलासारखं तोंड करून घरी येतो. मी सोबत असते म्हणून सांगते. मला कुणी बोलावत नाही, पण त्यांना एकटीला सोडलं तर त्या जेवायच्या राहतात.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. जगात कुठेही कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतो, सोबत एखादी खूण लिहितो. शोधणारे मोबाइल घेऊन जातात आणि आल्यावर तिथेच लिहितात, सापडला किंवा नाही सापडला. एका डब्याच्या या सगळ्या माहितीला लिस्टिंग म्हणायचं. हे खूळ आमच्याकडे आणलं ओळखीतल्या ऋषिकेशने. तो शेलूच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहतो, कॉम्प्युटरवर काम करतो आणि रविवारी त्याचे पाय शिवशिवतात. उज्वलाताई नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. पस्तीस वर्षं डाकसेवक म्हणून घरोघर टपाल वाटलेली बाई, आता सकाळी दहा वाजता खिडकीत उभी राहून रस्त्याकडे बघायची. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मीच ऋषिकेशला म्हटलं, यांना ने बाबा तुझ्यासोबत. तेव्हा चूक माझीच आहे.

पहिल्या रविवारी ऋषिकेशने काय केलं, तर कर्जत स्टेशनभोवती वीस किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि आतली सगळी लिस्टिंग एका दमात डाउनलोड केली. घाटात रेंज नसते, म्हणून घरूनच उतरवून घ्यायची असतात. सत्तरेक डबे आले. त्यातले निम्मे खंडाळ्याचे, घाटाच्या माथ्यावरचे. नकाशावर सतरा-अठरा किलोमीटर, आणि जायचं तर कडा चढून. राहिलेल्यांतला पहिला डबा दाखवत होता नऊशे मीटरवर. आम्ही ऐटीत चालत निघालो आणि नदीच्या काठावर जाऊन उभे राहिलो. डबा पलीकडे. पूल मागे, पाऊण तासावर.

उज्वलाताई घरी आल्या, जेवल्या, ऋषिकेशला फोन केला आणि म्हणाल्या, "हे बघ बाळा, टपाल अंतरावर लावत नाहीत. बीटावर लावतात."

बीट म्हणजे पोस्टमनचा रोजचा ठरलेला फेरा. सकाळी टपाल आलं की ते त्या फेऱ्यातल्या दारांच्या क्रमाने लावायचं. कुलकर्ण्यांचं घर शाळेजवळ असलं तरी दार मागच्या आळीत, म्हणून त्यांचं पत्र मागच्या आळीत. पोस्टमन पक्षी नाही, त्याला वाटेनेच जावं लागतं. उज्वलाताईंनी लिस्टिंग तशीच लावली. वर्तुळ बंद. एक रस्ता धरायचा, त्याच्या दोन्ही अंगांना अर्धा किलोमीटर एवढंच शोधायचं, तेवढंच उतरवायचं. चौक-खालापूरची यादी वेगळी, ठाकुरवाडीकडची वेगळी. खुणा घरी वाचायच्या, फोटो घरी बघायचे, आणि निघायच्या दिवशी सकाळी यादी पुन्हा ताजी करायची, कारण काल कुणी काय लिहिलं असेल सांगता येत नाही.

आणि एक शेवटचा नियम होता. ज्या डब्याखाली लागोपाठ तिघांनी नाही सापडला असं लिहिलंय, तो यादीतून बाहेर. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'परत'. मालक सापडला नाही की पत्रावर शेरा मारून परत पाठवतात तसं. "तीनदा दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, तर चौथ्यांदा पायपीट कशाला," असं त्यांचं म्हणणं. ऋषिकेशने फोनमध्ये तशी चाळणीच लावून दिली. असले डबे पडद्यावर दिसायचेच बंद झाले. वर्षभरात बाईंनी एकतीस डबे काढले. ऋषिकेशचे अठरा. तो आता त्यांना सर म्हणतो.

इथवर हसण्यावारी होतं. मग जानेवारीत त्यांच्या मनात आलं, आपणही एक डबा ठेवावा. आणि कुठे ठेवायचा हे त्यांना एका क्षणात ठरवता आलं.

त्यांचे वडील रामभाऊ. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा चोवीस वर्षांचे होते. मग रात्री दिव्याच्या उजेडाला बसून हट्टाने लिहा-वाचायला शिकले आणि पोस्टात लागले. खांद्यावर डाकेची पिशवी घेऊन कर्जतकडून ठाकुरवाडीच्या वाड्यांपर्यंत पायी जायचे आणि यायचे. चढाच्या मधोमध एक काळा धोंडा आहे, तिथे दम खायचे. उज्वलाताई लहानपणी त्यांच्यासोबत तिथपर्यंत जायच्या. रामभाऊंच्या नावाचा कुठे दगड नाही, पाटी नाही. फोटो एकच, तोही ओळखपत्रावरचा. "सुनिता," त्या मला म्हणाल्या, "नकाशावर त्यांचं नाव यायला पाहिजे गं. कुठला तरी माणूस कुठून तरी येईल आणि त्या धोंड्यापाशी त्यांचं नाव वाचेल." इतकं बोलून त्यांनी चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायल्या. मला तेव्हाच कळलं की हा खेळ राहिलेला नाही.

धोंड्यावर जाऊन जागा नोंदवली, डबा आणला, त्यावर हिरवा रंग दिला, लिस्टिंग लिहिलं. 'रामभाऊंचा धोंडा'. तपासणारा कुणीतरी स्वयंसेवक असतो, त्याला पाठवलं. चार दिवसांनी नकार आला. दोन डब्यांमध्ये एकशे एकसष्ट मीटर अंतर लागतं, आणि तुमच्या जागी आधीच एक डबा आहे.

"कसा असेल? मी सगळी लिस्टिंग तोंडपाठ करून बसलेय," उज्वलाताई म्हणाल्या. ऋषिकेशने येऊन चाळणी काढली. तर 'परत'मध्ये पडलेला, सहा वर्षांपूर्वी कुणा नागपूरच्या माणसाने ठेवलेला डबा, बरोबर त्या धोंड्यावर. सहा जणांनी नाही सापडला असं लिहून सोडून दिलेला. वर्षभर आमच्या फोनमध्ये होता आणि आमच्याच शहाणपणाने झाकलेला होता.

ऋषिकेशला उलट आनंद झाला. "सर, तो गेलेलाच आहे. सहा जण मूर्ख नसतात. तुम्ही जा, नीट शोधा, रिकाम्या जागेचा फोटो टाका. मालक तर कधीचा गप्प आहे. लिस्टिंग बंद करतील, जागा तुमची."

आता सगळं त्या एका गोष्टीवर आलं. डबा नसला तर रामभाऊ नकाशावर, असला तर नाही. मी तर घरातून निघतानाच मनात म्हणत होते, नसू दे बाई, नसू दे.

निघण्याआधी उज्वलाताईंनी ते लिस्टिंग आणि खालचे सहाही शेरे पूर्ण उतरवून घेतले आणि टेबलावर चष्मा लावून पेपर तपासावे तसे वाचले. खूण होती, 'पाठ टेकून बसा, उजवा हात खाली सोडा'. सहाही जणांनी तेच केल्याचं लिहिलं होतं. बसलो, समोर दरी छान दिसते, हाताशी काही नाही.

धोंड्यापाशी पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. मीही दरीकडे तोंड करून बसले, पाठ टेकली, हात सोडला. हाताला माती लागली. मी खुशीत म्हटलं, "नाही हो ताई. गेलाय." आणि जेवणाच्या डब्यातून भाकरी काढली.

उज्वलाताई धोंड्याकडे बघत उभ्या होत्या. "दरीकडे तोंड करून कोण बसतं?" त्या म्हणाल्या. "ज्याच्या पाठीवर काही नाही तो. ओझंवाला असा नाही बसत गं." त्या वळून पलीकडे गेल्या. तिकडे चढाच्या बाजूला धोंड्याला कमरेएवढ्या उंचीवर एक सपाट कंगोरा आहे. पिशवी खांद्यावरून न उतरवता नुसती त्यावर टेकवायची, भार दगडावर, आणि आपण खाली टेकायचं. त्या अगदी तशा बसल्या, तोंड डोंगराकडे, समोर नुसती करवंदीची जाळी. बापाला शंभरदा बसलेलं पाहिलेलं होतं. उजवा हात सहज खाली सोडला आणि तसाच राहिला.

"सुनिता," त्या म्हणाल्या. "आहे."

फटीतून डबा बाहेर आला. गंजलेला, पण आतली वही कोरडी. नागपूरवाल्याखेरीज एकाचंही नाव नव्हतं.

मी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग स्पष्टच बोलले, मला लाज नाही. "ठेवा परत. किंवा मला द्या, मी पिशवीत टाकते. सहा जणांना नाही सापडला, सातव्यांनाही नाही. फोटो काढा आणि चला. कुणाला कळतंय?"

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "दुसऱ्याचं टपाल आहे गं ते." आणि वहीत सही केली, तारीख घातली, डबा होता तसा ठेवला. फोनवर लिहिलं, 'सापडला. डबा ठीक आहे. शोधणाऱ्यांनी डोंगराकडे तोंड करून बसावं.' रेंज आली की ते जाणार होतं आणि जागा कायमची जाणार होती. मला त्यांचा रागही आला आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदमच.

जराशाने त्या उठल्या. पिशवीत स्वतःचा हिरवा डबा होताच. फोन हातात धरून चढाला लागल्या. "कुठे?" मी विचारलं. "एकशे एकसष्ट," त्या म्हणाल्या. मी गुडघे धरून मागे. शंभर झाले, एकशे तीस झाले. एकशे सत्तरला वाट वळते, तिथे एक उंबर आहे आणि त्याच्या मुळावर एक म्हातारी शेळ्या राखत बसलेली होती. बायजा नाव तिचं, वरच्या वाडीतली. वय तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"काय शोधताय गं?" तिने विचारलं.

उज्वलाताईंनी सांगितलं, माझा बाप या वाटेने डाक आणायचा, त्याच्या नावाने डबा ठेवायचाय, पण धोंड्यापाशी जागा नाही.

"रामभाऊची लेक तू?" म्हातारीने त्यांचं तोंड नीट निरखलं. "मंग धोंड्याशी कशाला? तिथं तो दम खायचा निस्ता. आमी हितं बसायचो त्याची वाट बघत. हितं बसून तो आमची पत्रं वाचायचा. आमाला कुणाला वाचता येत नव्हतं."

हे उज्वलाताईंना ठाऊक नव्हतं. लहानपणी त्या धोंड्यापर्यंतच यायच्या. पुढे चढ आहे म्हणून बाप त्यांना तिथेच बसवून ठेवायचा. त्या म्हातारीशेजारी मुळावर बसल्या.

"माझा पोरगा भिवंडीला गेला व्हता," बायजा सांगू लागली. "दोन वरसं पत्र नाय. मी रोज यायचे. एक दिस रामभाऊनं कार्ड काढलं आणि वाचलं. आये, मी बरा हाय, तुझं गुडघं कसं हाय, शेळी व्याली का. मंग महिन्याला एक कार्ड. पाच वरसांनी पोरगा आला, बायको घेऊन. मी म्हणले, तुझी कार्डं पोचत व्हती रं. तो म्हणतो, मी कुठं धाडली? मला लिवता येतं व्हय?" आणि ती हसली, दात नसलेलं तोंड भरून हसली. शेळ्यांनी माना वर केल्या.

"मग तुम्ही फसलात," मी म्हटलं.

"फसतेय कशाची? वाचता येत नव्हतं, डोळं व्हतं की. कार्ड कोरं असायचं. दोनी बाजूंनी." तिने काठीने जमीन उकरली. "मी काय बोलले नाय. वाचू दिलं त्याला."

उज्वलाताईंनी पिशवीतून काढलेला हिरवा डबा मांडीवर, त्यात नवी वही, अजून कुणाचं नाव नसलेली. बायजाने तिकडे बोट केलं. "तुला येतं ना वाचता? वाच की मंग कायतरी."

थोड्या वेळापूर्वी खोटा फोटो काढायचा नाही म्हणून ज्या बाईने बापाची जागा सोडली, तिने ती कोरी वही उघडली. चष्मा पुसला.

"आये," त्यांनी वाचलं, "मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? शेळ्या किती झाल्या? थंडी आहे, उन्हात बसत जा. आम्ही आता येत जाऊ."

बायजाने मान पुढे काढून त्या पांढऱ्या पानाकडे बराच वेळ पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "त्याचंच अक्षर हाय."