करंगळीची चावी

बँडमास्तरांनी पिकोलो माझ्या वाद्यदुरुस्तीच्या टेबलावर ठेवला, करंगळीच्या चावीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "शौकतभाई, ही मेलीय. उघडीच ऱ्हातीया."

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. पिकोलो म्हणजे दीड वीत लांबीची, बारीक आवाजाची विलायती बासरी. तिच्या छिद्रांवर चाव्या असतात. चावीला छिद्र झाकणारं एक पॅड आणि सुईएवढी स्प्रिंग. बहुतेक मेकर डाव्या करंगळीची चावी मिटलेली ठेवतात. दाबली की ती उघडते. काही जुन्या मेकरांचं नेमकं उलटं. त्यांची चावी उघडीच असते आणि करंगळीनं दाबून मिटायची. हा पिकोलो तसला होता. स्प्रिंग चांगली ठणठणीत होती.

मी तसं सांगितलं. मास्तरांना शिकवलेलं चालत नसे. खात्याचं नाव कशाला घ्या, पण बँड वर्दीचा होता आणि दोन दिवसांवर मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन होतं. पहिल्या रांगेत तीन पिकोलो. दोघांची चावी मिटलेली आणि एकाची उघडी, हे साहेबांना दिसेल म्हणे. बुटांच्या नाड्यासुद्धा मास्तर सगळ्यांना एकसारख्या बांधायला लावत.

"वाजवणाऱ्याला इचारलंय का?" मी विचारलं.

"बापूला? त्याला काय कळतंय? तुमी बाकीच्या दोन्हींसारखी करा की."

बापू कांबळे माझ्या चांगल्या ओळखीचा. पंधरा-वीस वर्षं तो हाच पिकोलो वाजवत होता. खालच्या सुरांना करंगळी दाबून धरायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं. सायकलवर टांग मारली असती तर दहा मिनिटांत त्याला सांगून आलो असतो. गेलो नाही. अख्ख्या बँडचं रिपेअरिंग मास्तरांच्या शब्दावर माझ्याकडे येत होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं. चावीची बोट टेकायची पट्टी कापली, सराफांच्या गुजरीतल्या चांदीच्या कारागिराकडून चावी फिरते त्या दांडीच्या दुसऱ्या अंगाला जोडून घेतली आणि स्प्रिंग उलटी वळवली. काम झकास झालं होतं. त्याचीच आज लाज वाटते.

बापूच्या हातात पिकोलो पडला तो इन्स्पेक्शनच्या सकाळी, रांगेत उभं राहिल्यावर. मी परेडच्या मैदानाच्या कुंपणाशी होतो. सलामीच्या मार्चची सुरुवात बापू एकट्यानं करत असे. त्याची करंगळी सवयीनं खाली गेली आणि मिटायची ती चावी उघडली. खालचा एकही सूर जागेवर लागेना. दोनदा त्यानं नव्यानं सुरुवात केली. साहेब शेजारच्याकडे बघून हसले. मी मान खाली घातली.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी बापूला झांजेवर टाकलं. वय झालं म्हणाले.

आठवड्यानं तो दुकानात आला. "शौकत, माझा हात गेला म्हणत्यात. चावीच तर बिघडली न्हवती न्हवं?"

मी सगळं खरं सांगितलं. तो स्वतःची करंगळी चोळू लागला. मग म्हणाला, "हात गेला न्हाई, चावी उलटी झालीया, एवढंच मास्तरला सांग की."

मी व्हय म्हणालो. पण मास्तरांना कधीच सांगितलं नाही. बापू झांज वाजवतच रिटायर झाला आणि माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही. बँडचं रिपेअरिंग मात्र माझ्याकडेच राहिलं.

तेव्हापासून वाद्य कुणीही आणू दे, मी आधी वाजवणाऱ्याला बोलावतो. त्याची बोटं कुठं बसतात ते बघतो आणि मगच चावीला हात लावतो. एवढं शहाणपण मला आलं, पण ते बापूच्या जिवावर.