मागच्या आसातलं तेल

त्याला बाजारात सगळे परतबघे म्हणत. खरं आडनाव साधंच होतं, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं. गाडीखालून बाहेर येऊन हा हात पुसायचा, गिऱ्हाईक किल्ली मागायचं, की 'थांबा, परत बघतो' म्हणत पुन्हा पाठीवर घसरत आत. दोनदा, कधी तीनदा. शेजारचा पंक्चरवाला म्हणे, हा जेवल्यावरसुद्धा पोट चाचपून परत बघत असेल. हसणाऱ्यांचं काय जातं? हा माणूस अकरा वर्षं मनातल्या मनात एकाच गाडीचं तेल तपासतोय, हे त्यांना कुठे ठाऊक होतं.

ती गाडी त्याच्या मेहुण्याची. धाकट्या बहिणीचा नवरा, हसरा आणि कायम घाईत असलेला माणूस. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी त्यानं गाडी आणली आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल, दोन्हीचं तेल बदलून दे म्हणाला. डिफरन्शियल म्हणजे मागच्या आसाच्या मधोमध असतो तो लोखंडी गोळा. चाकं फिरवणारे दाते त्यात असतात, आणि तेल नसेल तर ते तापून एकमेकांत अडकतात. मग मागची चाकं जागच्या जागी जाम होतात. परतबघ्याची रीत ठरलेली होती. आधी तेल भरायचं वरचं बूच सैल करायचं, मगच तळाचं काढायचं. तेल सोडून दिलं आणि नंतर वरचं बूच हललंच नाही, तर गाडी कोरडीठाक पडून राहते.

त्या दिवशीही त्यानं असंच केलं. दोन्हीकडचं जुनं तेल सोडलं, गिअरबॉक्स भरला, आणि तेवढ्यात घरून निरोप आला की वडील न्हाणीत पडले. त्यानं भराभर हात चालवला, बुचं आवळली, किल्ली मेहुण्याच्या हातात ठेवली आणि धावत सुटला. वडिलांना नुसता मुका मार लागला होता. संध्याकाळी पुलाजवळच्या वळणावर मेहुण्याची गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली, आणि दवाखान्यात त्यानं जीव सोडला.

बुचं आवळल्याचं परतबघ्याला आठवत होतं. डिफरन्शियलमध्ये तेल भरल्याचं आठवत नव्हतं. हजारदा केलेलं काम, त्यातला एक दिवस वेगळा काढून कसा आठवणार? कधी डोळ्यांपुढे हातात तेल भरायचा पंप दिसायचा, कधी दिसायचा नाही. कोरडा डिफरन्शियल चालता चालता बारीक कण्हतो. तो आवाज त्याला ऐकू यायला लागला. रस्त्यावरून कुठलीही जुनी गाडी गेली की तो आवाज यायचा, नळ सोडला तरी यायचा, जेवताना घास तोंडात असताना यायचा. बायको विचारायची, काय झालं. तो म्हणायचा, कुठे काय.

बहिणीला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. शेवटच्या निरोपाला तो गर्दीत मागे उभा राहिला आणि न बोलता निघून आला. नंतर तिचे फोन आले, निरोप आले. आज काम आहे, उद्या अंग दुखतंय, असं करत करत एक वर्ष गेलं, मग दुसरं. पुढे फोनही थांबले. भित्रा होता, दुसरं काय म्हणायचं.

आणि एके सकाळी भाचीचा फोन आला. वडिलांची गाडी अकरा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवली होती. आता पुढचा पत्रा नीट करून घेतलाय, इंजिनही सुरू झालंय, ती स्वतः चालवणार आहे. "मामा, आई म्हणते, सगळी तेलं तुझ्याच हातून बदलायची."

दुपारी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आली. मागची चाकं सरळ फिरत होती, पण त्यानं मनाला मोकळं होऊ दिलं नाही. अडकलेले दाते गार झाले की सुटतातही. बहीणही आली होती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. ती स्टुलावर बसली आणि पंखा लाव म्हणाली, बस्स.

तो गाडीखाली गेला. गिअरबॉक्सकडे पाहिलंही नाही, थेट मागे सरकला. वरचं बूच गंजून घट्ट बसलं होतं. त्यानं गंज काढायचं तेल मारलं, थांबला, हातोडीनं टिचक्या दिल्या. पान्याला पाइप लावून जोर केला. खालून त्याला बहिणीच्या चपला दिसत होत्या. आत कोरडं निघालं तर याच चपलांपुढे जाऊन सांगायचं होतं, त्याखेरीज गाडी हातावेगळी करायची नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं.

बूच सुटलं. त्यानं करंगळी आत घातली, आणि पहिलं पेर वाकवताच ती बुडाली. तेल कडेपर्यंत होतं. बोट बाहेर काढून त्यानं बॅटरीच्या उजेडात धरलं. पिवळसर, स्वच्छ, एका संध्याकाळपुरतं वापरलेलं. त्यानंच भरलेलं.

तो तिथंच पडून राहिला आणि रडला. चांगला पन्नाशीचा बाप्या, हुंदके देऊन रडला. भाची घाबरून खाली वाकली. तो बाहेर आला आणि बहिणीला सगळं सांगून टाकलं: ती दुपार, वडील, ते न आठवणारं तेल, अकरा वर्षांचा तो आवाज.

तिनं पदरानं हात पुसला, उगाचच. मग म्हणाली, "गाडी चालवताना त्यांचा डोळा लागला होता, दादा. दोन रात्री जागे होते. दवाखान्यात शुद्धीवर होते तासभर, स्वतः म्हणाले मला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू आलास कुठे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली की तिला वाटत राहिलं, नवरा गेला तसा भाऊही आपल्याला टाकून गेला. काय चुकलं ते मात्र कळेना.

तो पुन्हा गाडीखाली गेला. त्यानं दोन्हीकडचं तेल सोडलं, नवं भरलं, बुचं आवळली. परत बघितलं नाही. भाचीनं गाडी सुरू केली, बहीण शेजारी बसली. 'ये घरी' असं ती म्हणाली नाही, आणि 'येऊ का' असं विचारायला त्याची जीभ उचलली नाही.

गाडी कोपऱ्यावर वळली. दोन्हीकडे नवं तेल होतं, त्यानं स्वतः भरलेलं, आज नीट आठवणारं. तरी तो बारीक कण्हण्याचा आवाज आला. पंक्चरवाल्याला त्यानं विचारलं, तुला काही ऐकू येतंय का. तो म्हणाला, काहीच नाही, गाडी मस्त चाललीय. परतबघ्यानं शटर ओढलं, हातही न धुता, आणि गाडी गेली त्या रस्त्यानं, बहिणीच्या घराकडे, चालायला लागला.