चौदावा प्रश्न

माणूस हरवला की त्याच्या घरी दोन प्रकारचे लोक जमतात, सल्ला देणारे आणि हळहळणारे. चष्मेवाली बाई या दोन्हींत मोडत नसे. ती यायची ती हातात कागद घेऊन.

चौकात तिचं चष्म्याचं छोटं दुकान होतं, वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत ती आणि तिचे ब्याऐंशी वर्षांचे वडील. दुकानातून उरलेला वेळ शोधपथकाचा. पथक म्हणजे बिनपगारी, बूटसुद्धा पदरचे घातलेली वीसेक माणसं. त्यात नर्स होती, इलेक्ट्रिशियन होता, टॅक्सीवाला, बेकरीवाला होता. पोलिसांचा फोन आला की हातातलं काम टाकायचं, रांग धरून झुडपं, नाले, अर्धवट इमारती पालथ्या घालायच्या. एकाने हाक मारायची आणि मग सगळ्यांनी मिनिटभर श्वास रोखून ऐकायचं. तिचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा पथकाने तिला घरच्यांची चौकशी करण्याचं काम दिलं. त्यामागे तिला घरी बसवायचा डाव होता, पण बाईने त्या कामाचं सोनं केलं.

बावीस प्रश्नांचा कागद तिने स्वतः तयार केला होता. पायात काय होतं, खिशात काय होतं, पूर्वी काय काम करायचे, कुठल्या रस्त्याने चालायची सवय. निम्म्या घरांना निम्मी उत्तरं यायची नाहीत. परतताना ती टॅक्सीत फणफणायची की माणसं एका ताटात जेवतात आणि शर्टाचा रंग सांगता येत नाही, ही माणसांबरोबर राहतात की कपाटाबरोबर.

चौदावा प्रश्न तिचा लाडका होता. आज घरात काही बोलाचाली झाली का? याला सगळी घरं ‘नाही’ म्हणतात. जणू जगात फक्त शेजाऱ्यांच्या घरी भांडणं होतात. म्हणून तिने हाताखाली शिकणाऱ्या बेकरीवाल्याला बजावून ठेवलं होतं, की ‘नाही’ आलं की पेन खाली ठेवायचं आणि तोंड मिटून बसायचं. खरं उत्तर दुसऱ्या खेपेला येतं. बेकरीवाला अंगाने आडवा, स्वभावाने गरीब. लोकांना अवघडल्यासारखं होईल म्हणून तो प्रश्न गाळायचा आणि तिची बोलणी खायचा.

एका बुधवारी एक वाजता ती जेवायला वर आली, तर दार उघडं आणि बाबा नाहीत. गच्ची पाहिली, मागचा जिना पाहिला, शेजारी विचारलं. एवढ्यातच तिच्या तोंडचं पाणी पळालं. पोलिसांत कळवून झालं, पथक अर्ध्या तासात हजर झालं, आणि बाई बूट घालायला वाकली तशी नर्सने तिचा दंड धरला. ज्याचं माणूस हरवलं त्याने शोधायला जायचं नाही, घरी थांबून प्रश्नांची उत्तरं द्यायची. हा नियमही बाईचाच होता, तेव्हा भांडायचं कुणाशी?

बाकीचे बागेकडे आणि बसस्टँडकडे पांगले. बेकरीवाला वर थांबला. आधी त्याने बाईच्या पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात डोकावून पाहिलं, कारण हरवलेलं माणूस कधीकधी घरातच असतं आणि घर आधी तपासायचं असतं. बाई संकोचाने भिंतीकडे बघत राहिली. मग त्याने खुर्ची ओढली आणि तिच्याच अक्षरातला कागद तिच्यासमोर ठेवला.

शर्टाचा रंग? तिला आठवेना. निळसर असेल, नाहीतर राखाडी. सकाळी काय खाल्लं? माहीत नाही. खिशात काय? माहीत नाही. चष्म्याचा नंबर मात्र तिने दोन्ही डोळ्यांचा घडाघडा सांगितला, जो कुणी विचारला नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तिचं तिलाच वाटलं आणि तिची मान खाली गेली. पायात काय होतं, हे पाहायला ती उठली. चपला जागेवर होत्या. नळदुरुस्तीच्या कामावर घालायचे त्यांचे जुने नाडीचे बूट मात्र नव्हते. गेल्या सहा वर्षांत ते बूट कुणी हलवले नव्हते.

बेकरीवाल्याने ते लिहून घेतलं आणि चौदावर आला. विचारताना त्याचा आवाज बारीक झाला, पण प्रश्न त्याने गाळला नाही.

"नाही," बाई म्हणाली. "काही नाही झालं."

त्याने पेन खाली ठेवलं. हात मांडीवर घेतले आणि गप्प बसला. आपलंच औषध आपल्याला पाजलं जातंय हे बाईला चांगलंच कळत होतं. तिला त्याचा राग आला. मग राग ओसरला आणि रडू फुटलं.

"स्वयंपाकघरातला नळ गळत होता," ती म्हणाली. "त्यांनी तो खोलला आणि सगळीकडे पाणीच पाणी. मला दुकान उघडायचं होतं. मी म्हटलं, तुम्हाला आता काही जमत नाही, कशाला हात लावू नका."

"ते काय म्हणाले?"

"वायसर गेलाय म्हणाले, दहा मिनिटांत बदलतो. मी म्हटलं, प्लंबर बोलावते. चाळीस वर्षं ज्यांनी अख्ख्या गावाचे नळ दुरुस्त केले, त्यांना मी म्हटलं प्लंबर बोलावते."

वायसर ते कुठून आणायचे, हा प्रश्न कागदावर नव्हता, तो बेकरीवाल्याने आपल्या मनाने विचारला. रेल्वे फाटकापलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून, ती म्हणाली, पण ते बंद होऊन वर्षं झाली. तो तोवर वॉकीटॉकीवर बोलायलाही लागला होता.

पुढचा तास बाईचा जीव टांगणीला लागला होता. फाटकापलीकडे त्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं. तिथला पोरगेला दुकानदार म्हणाला, हो, एक आजोबा अर्ध्या इंचाचा वायसर मागत होते, मी त्यांना वखारीमागच्या दुकानात पाठवलं. वखारीमागची पायवाट कोरड्या नाल्याच्या कडेने जाते. तिथे इलेक्ट्रिशियनने हाक मारली, सगळे गप्प झाले, आणि खालून आवाज आला की ओरडू नका, मला ऐकू येतं.

वॉकीटॉकी खरखरला. "सापडले. शुद्धीवर आहेत. पाय मुरगळलाय. भयंकर चिडलेत."

चिडलेत म्हटल्यावर बाईच्या जिवात जीव आला. ती जमिनीवरच बसली आणि हसत रडली का रडत हसली, ते बेकरीवाल्याला सांगता आलं नसतं. त्याने तिला पाणी दिलं आणि स्वतःही दोन पेले प्यायला.

नर्सने पाय बांधून दिला आणि टॅक्सीतून त्यांना घरी आणलं. शर्ट हिरवा होता. आल्या आल्या त्यांनी एवढी माणसं कामावरून उठवली म्हणून लेकीला फैलावर घेतलं. पथकाने शहाण्यासारखा काढता पाय घेतला. दोघंच उरली तेव्हा ती त्यांच्या दुसऱ्या, धड पायातल्या बुटाची नाडी सोडवायला खाली बसली.

"बाबा, सकाळी मी बोलायला नको होतं."

"खोटं कुठे बोललीस," ते म्हणाले. "नाही जमत आता. हात थरथरतात. ते मला माहीत आहे, शेजाऱ्यांना माहीत आहे, त्या मोबाईलवाल्यालाही दिसलं." त्यांनी पाय हळूच पुढे केला. "पण ते तू नको म्हणूस. तेवढी एक तरी राहू दे न म्हणणारी."

तिने मान हलवली. गाठ घट्ट बसली होती, ती सोडवायला तिला बराच वेळ लागला, आणि तोवर त्यांनी आपला हात तिच्या डोक्यावरून काढला नाही.