सिंगापूर ते बँकॉक, दोन तास वीस मिनिटं

१९९१ साली मी नागपूर सोडलं तेव्हा विमानतळावर बाबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "अकरा मिनिटं लेट. कारण काय लिहिलं असेल?" बाबा एस.टी.चे कंट्रोलर. गाडी उशिरा आली तर रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं आणि ते खरं असावं लागतं, हे मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलेलं. आई रडत होती. बाबा मिनिटं मोजत होते.

पुढे अमेरिकेत ह्यूस्टनजवळ शुगर लँडला घर घेतलं. ऑफिस अठ्ठावीस मैल, फ्रीवे मोकळा असला तर चाळीस मिनिटं. पत्रात मी असं कळवायचो. उत्तरात बाबा मैलांचे किलोमीटर करून पाठवायचे.

९६ मध्ये कंपनीने सिंगापूर आणि बँकॉकच्या प्रोजेक्टवर पाठवलं. दोन्हींमधलं अंतर सुमारे चौदाशे किलोमीटर, विमानाने दोन तास वीस मिनिटं. बँकॉकहून कलकत्ता अडीच तास आणि तिथून रेल्वेने नागपूर, साधारण एक दिवस. बँकॉकला मला सहा दिवस मोकळे मिळाले. मी कागदावर मांडून पाहिलं, बसत होतं. तरी गेलो नाही. थकलो होतो. शिवाय, कायमचा कधी येतोस, हे आईने विचारलंच असतं. हॉटेलच्या पूलमध्ये पोहलो, झोपलो.

एकदा घरी फोन केला. बाबांनी विचारलं, "कुठून बोलतोस?"

"शुगर लँडहून. घरूनच."

त्याच दिवशी बँकॉकच्या एका दुकानातून नागपूरच्या आमच्या वस्तीतल्या विहारासाठी बुद्धमूर्ती घेतली. महिन्याभराने नागपूरला जाणाऱ्या मित्राबरोबर पाठवली आणि ह्यूस्टनला मिळाली असं कळवलं. खोक्याच्या तळाशी दुकानाची पावती तशीच राहिली होती. बँकॉक, खाली तारीख. माझ्या प्रत्येक फोनची तारीख बाबा कॅलेंडरवर लिहीत.

त्यांचं पत्र आलं: "मूर्ती पोचली. पावती जपून ठेवली आहे." बाकी हवापाणी.

दोन वर्षांनी नागपूरला गेलो तेव्हा विहारात शेजारच्या सुमनमावशींनी गाठलं. "अशोक, बाबा सांगत होते तुहे. बँकॉकवरून विमान बदलाचं होतं, पण बाहेर सोडतच नाहीत म्हणे. एवढ्या जवळ येऊन पोराला उतरू नाही दिलं. आमची एस.टी.च बरी बाप्पा, हात दाखवला का थांबते."

बाबा चटईची घडी सरळ करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मग वंदना सुरू झाली. पंचशील म्हणताना बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे त्यांचा आवाज आला नाही. माझाही निघाला नाही. पाचव्याला आम्ही दोघांनी पुन्हा धरलं.

तुम्ही जे तिकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुमचा घराचा हिशेब वेगळा असेल. माझं घर म्हणजे आता ती एक नोंद आहे. नोकरीभर ज्या माणसाने खोटं कारण लिहिलं नाही, त्याने माझ्या उशिरासाठी ते लिहिलं. खरं कारण मला अजून सांगायचं आहे, आणि बाबांनी ते विचारलेलं नाही.