सुरेंद्रनं पुसलेलं घर

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका खाजगी कॉलेजात सुरेंद्र लॅब असिस्टंट होता. पगार बेताचा, नोकरी कंत्राटी, पण तोरा असा की प्रिन्सिपलनंही जरा दबून राहावं. कॉम्प्युटर लॅबच्या कोपऱ्यात त्याची काचेची केबिन होती. तिथं बसून तो पोरांकडे बघायचा आणि कोणाला आज रडवायचं ते ठरवायचा. हे मी रागानं म्हणत नाही, तो खरंच ठरवायचा.

त्याच्या हातात सत्ता होती ती सर्व्हरची. लॅबमधल्या सगळ्या मशीन एका लिनक्सच्या सर्व्हरला जोडलेल्या. त्यावर प्रत्येक पोराचं एक खातं आणि प्रत्येक खात्याची एक होम डिरेक्टरी. पोरानं वर्षभर जे काही लिहिलं, ते सगळं त्या डिरेक्टरीत. लॅबमध्ये तिला सगळे घरच म्हणायचे. मुख्य पासवर्ड एकट्या सुरेंद्रकडे, म्हणजे कुठल्याही घरात शिरायची, कुठलंही घर पुसायची मुभा एकट्या सुरेंद्रला. पेनड्राइव्हवर त्यानं बंदी घातली होती. कारण सांगायचा व्हायरसचं. खरं कारण असं, की स्वतःचंच काम घरी न्यायला पोरं त्याच्यापुढं येऊन गयावया करायची आणि ते त्याला आवडायचं.

‘सुरेंद्रसर, तुम्ही कुठले?’ असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, शहापूर. शहापुरात एसटी स्टँडच्या मागं त्याची भाड्याची खोली होती, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं. पण तो मूळचा शेणव्याचा, आणि तेही गावातला नव्हे. गाव संपतं, मग ओढा लागतो, ओढ्यापलीकडे कुडाची पाच-पंचवीस घरं, त्या वाडीतला. वाडीतल्या कोणाच्या नावावर हातभर जमीन नाही. दिवाळी झाली की माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. सुरेंद्रचे आईबापही जायचे. शाळा बुडू नये म्हणून पोराला शेजारच्या झिपरूकडे ठेवायचे, आणि झिपरू आपल्या ताटातलं त्याच्यापुढं सरकवायचा. आईबाप वारले, सुरेंद्र शिकला, नोकरीला लागला, आणि वाडीची वाट विसरला. विसरला कसला, त्यानं ती डोक्यातून खरवडून काढली.

आणि मग एका जूनमध्ये झिपरूची पोरगी वर्षा त्याच कॉलेजात दाखल झाली.

पहिल्याच दिवशी भर लॅबमध्ये ती केबिनच्या दाराशी आली आणि तोंडभर हसून म्हणाली, “सुरेंद्रदादा! वलखलं नाय का? मी झिपरूची वर्षा. तुमी तं आमच्याच वाडीतले.”

पोरांनी माना वळवल्या. सुरेंद्र पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “इथं सर म्हणायचं. आणि काम नसेल तर दारात उभं राहायचं नाही.”

त्या दिवसापासून वर्षाचे हाल सुरू झाले. सगळ्यांत रडकी मशीन तिला. पासवर्ड एकदा चुकला की खातं बंद, आणि ते उघडून मिळेपर्यंत केबिनबाहेर उभं राहायचं. ती उभी राहायची. वाडीचं नाव मात्र तिनं त्या दिवसानंतर तोंडातून काढलं नाही. दादा म्हणणंही थांबवलं.

सुरेंद्रला शिकवायचा अधिकार नव्हता, पण सी भाषेच्या प्रॅक्टिकलला मनाली मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, कल्याणहून उशिरा पोचल्या की तो फळ्याशी उभा राहायचा. त्याचा एक आवडता धडा होता. चालू प्रोग्रामला एखाद्या माणसाचं घर शोधायचं असेल तर कसं शोधायचं? तो सांगायचा, “HOME नावाची एक नोंद प्रत्येकाच्या सेशनमध्ये असते, पण तिच्यावर जाऊ नका. ती माणूस स्वतः बदलू शकतो, त्यात काहीही खोटंनाटं भरू शकतो. शहाणा प्रोग्राम माणसाला विचारतच नाही. तो सिस्टिमला विचारतो. getpwnam नावाची एक सोय असते, तिला माणसाचं नाव द्यायचं, ती खरं घर सांगते.” हे सांगताना त्याला स्वतःची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो आणि तो जोडीनं करायचा असतो. वर्षाची जोडी मॅडमनी दिपेशशी लावली. दिपेश धसईचा, घरचा भाताचा व्यापार, बापाची कॉलेजच्या संस्थेत ऊठबस. त्यानं वर्षभरात प्रोजेक्टला बोट लावलं नाही. वर्षानं एकटीनं सगळं लिहिलं. तिचा प्रोग्राम एसटीचा होता. गावाचं नाव घातलं की पुढची गाडी कधी, ती चुकली तर कुठून दुसरी पकडायची, हे तो सांगायचा. घरी कॉम्प्युटर नव्हता, पेनड्राइव्हला बंदी होती, म्हणजे ते सगळं काम होतं फक्त एका जागी, सर्व्हरवरच्या तिच्या घरात. आणि तिचं सगळं त्या प्रोजेक्टवर होतं. झिपरूनं तिला बजावलं होतं, “या टायमाला पास झाली तं पुढं शिक. नाय तं दिवालीनंतर आमच्यासंगं भट्टीवर चल.” तो काही दुष्टपणानं बोलला नव्हता. त्याचे हात आता पूर्वीसारखे चालत नव्हते.

परीक्षा सोमवारी होती. शुक्रवारी मॅडमचा हुकूम आला. बाहेरच्या परीक्षकांसमोर प्रत्येक जोडीचं एकच खातं उघडायचं, म्हणून जोडीतल्या एकाचं काम दुसऱ्याच्या घरात हलवा आणि रिकामं झालेलं घर काढून टाका. कोणाचं ठेवायचं तेही मॅडमनी कळवलं होतं. वर्षा-दिपेशच्या जोडीत ठेवायचं होतं दिपेशचं.

सुरेंद्रनं यासाठी सीमध्ये एक प्रोग्राम लिहिला होता. नाव ठेवलं ‘जोडी’. त्याला दोन नावं द्यायची. तो दोघांची घरं शोधायचा, पहिल्याचं सामान दुसऱ्याच्या घरात टाकायचा आणि पहिल्याचं घर पुसायचा. त्यानं तो दोन खोट्या खात्यांवर करून पाहिला होता. दोन्ही घरांत आळसानं सारखीच एक फाइल ठेवली होती. प्रोग्राम चालवल्यावर एक घर गेलं, एक राहिलं, राहिलेल्या घरात फाइल होती. गडी खूश. राहिलं ते नेमकं कोणाचं, हे बघायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत.

दुपारी लॅब रिकामी झाल्यावर वर्षा केबिनशी आली. म्हणाली, “सर, माझं घर ठेवा. दिपेशच्या घरात काय बी नाय. सगलं त्याच्यात गेलं तं मला उघडता पन यायचं नाय. तो बोलला, तू मागं उभी रा, बोलनार मी.”

“मॅडमनी सांगितलंय त्याचं ठेवायला. मॅडमपेक्षा तुला जास्त कळतं का?”

ती हळूच म्हणाली, “दादा, मी परत कधी कोनाला सांगितलं नाय, तुमी वाडीतले म्हनून.” आणि गेली.

सुरेंद्रला तिची दया आली आणि स्वतःची चीड आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, की ह्या पोरीचं एक काम आपण करावं, कोणाला न सांगता करावं. मॅडम काही उलटून बघणार नव्हत्या. त्यानं सगळ्या जोड्यांमध्ये पहिली तिचीच घेतली आणि नावं उलटी दिली. आधी दिपेश, मग वर्षा. म्हणजे दिपेशचं घर जाईल, वर्षाचं राहील.

प्रोग्राम चालला. सुरेंद्रनं समाधानानं वर्षाचं घर उघडायला घेतलं. सिस्टिम म्हणाली, असं घर नाही. त्यानं पुन्हा नाव घातलं. नाही. दिपेशचं बघितलं. ते होतं, टकाटक, आणि आत काहीच नव्हतं.

चूक त्याला लगेच सापडली, आणि ती फार साधी होती. getpwnam उत्तर देते ते एकाच पाटीवर लिहून. दुसरं नाव विचारलं की तीच पाटी पुसून तिच्यावरच दुसरं उत्तर लिहिते. सुरेंद्रनं पहिलं उत्तर उतरवून घेतलंच नव्हतं. फक्त पाटी कुठं आहे ते लक्षात ठेवलं होतं, दोन्ही वेळा. त्यामुळे प्रोग्रामला दिपेशचं घर म्हणूनही वर्षाचंच घर दिसलं, आणि त्यानं इमानेइतबारे तेच पुसलं. मॅडमच्या हुकमाप्रमाणे नावं दिली असती तर दिपेशचं रिकामं घर गेलं असतं आणि वर्षाचं काम जागच्या जागी राहिलं असतं. पोरीला छळलं तितके दिवस तिचं काम शाबूत होतं. दया केली आणि ती बुडाली.

अजून एक वाट होती. सर्व्हर तिथल्या तिथं बंद करायचा, डिस्क काढून कल्याणला जाणकाराकडे न्यायची. पुसलेलं कधी कधी परत मिळतं. पण त्यासाठी मॅडमना फोन करून सांगावं लागलं असतं, की मी तुमचं ऐकलं नाही आणि माझा प्रोग्राम चुकला. सुरेंद्रची नोकरी पुढच्या महिन्यात कायम व्हायची होती, कागद प्रिन्सिपलच्या टेबलावर होते. त्यानं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. मग प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, म्हणजे पहिलं उत्तर आधी उतरवून घ्यायचं आणि मगच दुसरं नाव विचारायचं. उरलेल्या सगळ्या जोड्या त्यानं त्याच सर्व्हरवर बिनचूक लावल्या. त्यांचं सामान जिथं जिथं जाऊन बसलं, त्याखाली वर्षाचं उरलंसुरलंही गाडलं गेलं असणार. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी, तिनंच आतलं सगळं पुसलं असं दिसावं म्हणून वर्षाचं नवं रिकामं घर बांधून ठेवलं आणि दिवे बंद करून खोलीवर गेला.

शनिवारी वर्षा आली, लॉगिन झाली आणि किंचाळली. मनाली मॅडम आल्या. लॅब भरलेली होती.

मॅडमनी विचारलं, “सुरेंद्र, काय झालं हे?”

“काय होणार मॅडम? डिलीट केलंय तिनं. मी हलवायला गेलो तर घर आधीच रिकामं. बाकी एका तरी जोडीचं गेलं का?”

“मी काय नाय केलं,” वर्षा म्हणाली. “काल दुपारी सगलं होतं. मी हात पन नाय लावला.”

“हात न लावता कसं जाईल? फाइली काय पाय फुटून ओढ्यापलीकडे गेल्या?” सुरेंद्र म्हणाला. पोरं हसली. ते हसू ऐकून त्याला बरं वाटलं, आणि तो आणखी पुढं गेला. “मॅडम, ह्यांच्या वाडीवर लाइट आत्ता आत्ता आली. ह्यांना काय दाबलं नि काय नाही, कळत नाही. मी रोज बघतो.”

ह्यांच्या वाडीवर म्हणाला तो. वर्षानं त्याच्याकडे बघितलं. पहिल्या दिवसाचं ते एक वाक्य तिला पुन्हा बोलता आलं असतं, पोरांचं हसू तिथल्या तिथं त्याच्यावर उलटलं असतं. ती ते बोलली नाही. कीबोर्डवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत पुटपुटली, “माझ्या हातूनच झालं आसंल.”

मॅडमनी जोडी मोडून टाकली. दिपेशला पेनड्राइव्हची परवानगी मिळाली. त्यानं मुरबाडच्या चुलतभावाकडून तयार प्रोजेक्ट आणला, सोमवारी परीक्षकांपुढं चार वाक्यं बोलला आणि पास झाला. वर्षाची पाळी आली तेव्हा तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. परीक्षक म्हणाले, तोंडी तर सगळं सांगतेस, पण चालवून दाखव. ती नापास झाली. सुरेंद्र पुढच्या महिन्यात कायम झाला आणि त्यानं स्टाफला पेढे वाटले.

दिवाळी झाली. एका सकाळी शिपाई सांगत आला, खाली कोणी म्हातारा तुम्हाला विचारतोय. सुरेंद्र खाली गेला. फाटकाशी झिपरू उभा होता. डोक्यावर गाठोडं, मागं बायको, तिच्या मागं वर्षा, तिच्याही डोक्यावर गाठोडं. भिवंडीकडचा टेम्पो रस्त्यावर थांबलेला होता.

सुरेंद्रनं आधी आजूबाजूला कोणी बघत नाही ना, ते पाहून घेतलं.

झिपरूनं गाठोडं खाली ठेवलं आणि हात जोडले. “सायेब, पोरीनं तुमच्या मशीनीतला काय तरी बिगडवला म्हनं. ती सांगत नव्हती, मीच काढून घेतला तिच्याकडून. तिला काय कलत नाय वो. मना रात-दिस एकच लागून राहिलाय, तिच्यापायी तुमची नोकरी तं नाय ना जायाची?”

“नाही जाणार,” सुरेंद्र म्हणाला. “मी सांभाळून घेतलंय.”

झिपरूचा जीव भांड्यात पडला. तो वळून पोरीला म्हणाला, “बघ, किती केलाय त्यानं तुज्यासाठी. पाया पड गो दादाच्या.”

वर्षानं गाठोडं उतरवलं, पुढं आली आणि वाकली. ती वाकलेली होती तेवढ्या वेळात खरं सांगून टाकता आलं असतं, पाय तरी मागे घेता आले असते. सुरेंद्र तसाच उभा राहिला.

“चुकलं माझं, दादा,” ती म्हणाली.

“असू दे,” सुरेंद्र म्हणाला. “यापुढे लक्ष ठेवत जा.”