माल माहा हाय

बाबा दारव्ह्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. उदारीकरण म्हणजे काय, हे सांगताना ते इतके रंगून जायचे की घंटा झाली तरी पोरांना सोडायचे नाहीत. परवाने गेले, बंधनं गेली, आता ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं! आणि घरी? घरात पडद्याचा रंगसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय ठरत नसे. मला याची भयंकर चीड यायची. आईला येत नसावी, किंवा ती दाखवत नसावी.

आईचं दुखणं एकच होतं. तिच्या वडिलांनी लग्नात तिला गावालगतचं वावर दिलं होतं. पेरणी, निंदण सगळं तीच बघायची. वेचणीला बायांबरोबर स्वतः ओटी बांधून उतरायची. कापूस विकायला मात्र बाबा जायचे. तेव्हा कापूस सरकारलाच द्यावा लागे. संकलन केंद्रासमोर बैलबंड्यांची ही लांब रांग लागायची. बाबा तिथे मुक्काम ठोकायचे, मग कधीतरी ग्रेडर यायचा, मूठभर कापूस ओढून बघायचा आणि प्रत सांगून पुढे जायचा. भाव आधीच ठरलेला.

"माह्या वावरातला माल एकदा तरी मले विकू द्या," आई दरवर्षी म्हणायची.

"तिथे बोलायचं काय असतं? रांगेत उभं राहायचं असतं," बाबा म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

मग एका वर्षी ती सक्ती उठली. भाव पडलेले, कापूस घरोघरी साचलेला, लोकांची तोंडं उतरलेली, असे ते दिवस. पण आता माल कोणालाही विका, असं झालं. बाबांनी आठवडाभर जेवताना आम्हाला त्याचं महत्त्व समजावून सांगितलं. आणि विकायच्या दिवशी काय केलं? अंधारातच सगळ्यांना उठवलं!

"चला, चला, नंबर मागे पडेल."

सतरंजी, कंदील, पाण्याची कळशी, सगळं बंडीत चढलं. पाहते तर आई नवं पातळ नेसून कापसावर आधीच बसलेली.

"मीबी येऊन राह्यली," ती म्हणाली. मग मी पण चढले.

केंद्राशी पोचलो तर फाटक बंद, आणि रांग म्हणाल तर नाहीच. बाबांचा चेहरा असा खुलला म्हणता! "पहिला नंबर!" बंडी हाकणाऱ्या सालगड्याला, आमच्या सालदाराला, त्यांनी ती फाटकाला भिडवायला लावली, सतरंजी अंथरली आणि पेपर उघडून बसले. ऊन वर आलं. बाकीच्या बंड्या आमच्यासमोरून सरळ सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या रस्त्यानं निघून जात होत्या. एका व्यापाऱ्याचा माणूस थांबला. "काका, दाखवता का माल?"

"रांगेत या," बाबा पेपरातून म्हणाले.

तो बिचारा खरंच रांग शोधायला लागला. मी पदरात, म्हणजे ओढणीत, तोंड खुपसून हसले. आईला मात्र हसू आलं नाही. ती सालदाराला म्हणाली, "भाऊ, फिरवा बंडी."

"अगं, नंबर जाईल!"

"मांगं कोन हाय तुमच्या? पाहा तरी!"

बाबांनी वळून पाहिलं. मागे एक बकरी होती, आणि ती आमचाच कापूस ओढून खात होती.

जिनिंगपाशी व्यापारी समोर आला. त्यानं कापसात हात घातला आणि बाबांना विचारलं, "बोला, काय भाव घ्यायचा?"

बाबा म्हणजे अर्थशास्त्राचा माणूस, पण हा प्रश्न त्यांना जन्मात कोणी विचारला नव्हता. "जो असेल तो..." ते पुटपुटले.

"माल माहा हाय," आई वरून म्हणाली. "मले इचारा."

व्यापाऱ्यानं मान वर केली. "बोला ताई."

आईनं भाव सांगितला. तो हसला आणि बराच खालचा बोलला. आई म्हणाली, "नाही."

बाबा बंडीपाशी येऊन कुजबुजले, "अगं, बाजार पडलाय. परत न्यायचा का? लोक काय म्हणतील?" पण आईनं बंडी पुढे घ्यायला सांगितली होती. दुसऱ्यालाही ती नाही म्हणाली. तिसऱ्याला तर इतक्या ठसक्यात म्हणाली की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. अरे वा रे माझी आई! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. शेवटी पहिलाच व्यापारी मागून चालत आला आणि थोडा वर चढला. आई थोडी खाली आली. सौदा झाला. भाव काही मोठा नव्हता, त्या वर्षी कोणालाच मिळाला नाही.

रिकाम्या बंडीत आई पाय सोडून बसली होती आणि एकटीच हसत होती. "इतके वर्षं नाही म्हनाची हौस होती मले," ती म्हणाली, "पन कोनी इचारल्याबिगर नाही तरी कोनाले म्हनू?"

बाबांनी घसा खाकरून विचारलं, "पुढच्या वर्षी वावरात काय पेरावं म्हणतेस?"

आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"सांगीन," ती म्हणाली. "इचार करू द्या."

घर आलं तरी तिनं काही सांगितलं नाही, आणि बाबा वाट बघत राहिले.