गोदाक्का आणि उष्टी हळद

गोदाक्काच्या दारात मलम मागायला कोणीही आलं, की ती आधी त्याचा हात धरायची. हात उताणा करून कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते, तिथे मुगाच्या डाळीएवढं मलम लावायची आणि सांगायची, "उद्या ये." माणूस कऱ्हाडहून दोन एसट्या बदलून आलेला असला तरी तेच.

"आवं आक्का, माझी खाज आज हाय!"

"मग आज खाजव. उद्या लाल न्हाई झालं तर डबी देते."

साताऱ्याला एका दवाखान्यात कातडीच्या वॉर्डात ती वीस वर्षं आया होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. नोकरी संपल्यावर ती सांगलीकडच्या आमच्या गावात, आपल्या माहेरी परत आली आणि आम्हा चार बायकांना जमवून कडुनिंबाचं मलम करायला लागली. सावलीत वाळवलेला पाला करंजाच्या तेलात मंद आचेवर कढवायचा, त्यात हळद घालायची, सुती कापडातून गाळायचं आणि मेण मिसळायचं. बाकीच्यांना पाला निवडायचं काम होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली आणि अक्षर बरं, म्हणून डब्यांवर चिठ्ठ्या मी लिहायचे. मला ते बरं होतं. चिठ्ठी लिहिताना कोणाशी बोलावं लागत नाही.

एकदा मी डब्या धुतल्या आणि घाईत नीट न वाळवताच त्यांत मलम भरलं. कळलं होतं मला, पण सांगायची लाज वाटली. पंधरा दिवसांनी आक्काने झाकण उघडलं तर आत पांढरी लव उगवलेली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तिने डबी नाकाशी धरली, लांब धरली, आणि म्हणाली, "बुरशी मारायचं मलम केलं आपण, आन् बुरशीलाच लय आवडलं बघ." सगळ्या डब्या तिने शेवग्याखाली पुरायला लावल्या. ओरडली नाही. फक्त पुढचे आठ दिवस मी दिसले की विचारायची, "हात पुसलास का गं?" मग मी भाकरी खात असले तरी विचारायची.

लोकांना वाटायचं, म्हातारी आपल्या मलमाचं कौतुक करेल. ती उलटंच करायची. सगळ्या पोटावर पसरलेला नायटा किंवा पू झालेली जखम घेऊन कोणी आलं, की म्हणायची, "ह्याला आमचा पाला पुरायचा न्हाई. डॉक्टरकडं जा. जाशील न्हवं? का मी सोबत येऊ?" आणि खरंच पदर खोचून सोबत निघायची. कोणी म्हणालं, झाडपाल्याने काही अपाय होत नाही, तर तिचा ठरलेला जबाब होता, "झाडाचं हाय म्हणून गरीब हाय असं न्हाई. बिब्बा बी झाडालाच लागतो. लावून बघ गालाला." तिच्या स्वतःच्या टाचांना मात्र बोट जाईल एवढ्या भेगा. त्यावर बोललं की म्हणायची, "हलवाई जिलबी खातो का कवा?"

माझ्या सोनालीचं लग्न तासगावकडच्या मुलाशी ठरलं, तेव्हा मला एकच धास्ती होती. सोनालीची कातडी पहिल्यापासून नाजूक. लहानपणी जत्रेतली वासाची पावडर लावली, तर तिचं तोंड डोळे मिटेपर्यंत सुजलं होतं. हे मी सासरच्यांना सांगितलं नव्हतं. पोरीला कातडीचा रोग आहे असं एकदा कोणाच्या तोंडून निघालं, की ते परत आत जात नाही, आणि लग्नं त्यावरून मोडतात. घरची हळद आक्काने स्वतः दळली आणि आधीच सोनालीच्या हाताला लावून बघितली. काही झालं नाही. पण नवऱ्या मुलाला लावलेली हळद नवरीला लावायची आपली रीत, आणि ती उष्टी हळद येणार होती त्यांच्या घरून.

"सांग त्यास्नी," आक्का रोज म्हणायची.

"सांगते," मी म्हणायचे, आणि सांगत नव्हते.

हळदीच्या सकाळी ते पितळी वाटी घेऊन आले. पुण्याला राहणारी करवली, प्रियांका, पुढे होती. आक्काने वाटीवर नाक नेलं. "लिंबाचा वास येतोय. काय काय घातलंय बाळ ह्यात?"

"कडुनिंब, तुळस, लिंबाचं तेल, टी ट्रीचं तेल," प्रियांका कौतुकाने म्हणाली. "सगळं नॅचरल आहे आजी, जंतू मारतं. वहिनीचा चेहरा बघा कसा चमकेल!"

आक्काने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मी नुसतीच वाटीच्या आणि सोनालीच्या मधे जाऊन उभी राहिले होते, आणि तिथून हलत नव्हते.

विहीणबाईंनी विचारलं, "का वं? पोरीच्या अंगावर काय हाय का? असंल तर आत्ताच सांगा."

मला वाटलं, आता आक्का बोलेल. बैलालाही दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढे न जाणारी बाई ती. पण ती मांडवाचे आंब्याचे डहाळे मोजत बसली. आमचे मालक, सोनालीचे वडील, खुर्च्या सरळ करायला लागले. मग मीच बोलले.

"व्हय. तिचं अंग नाजूक हाय. रोग न्हाई, पण वासाचं काय लावलं की तोंड सुजतं. उद्या तिला तसं हुबं करायचं न्हाई मला."

"मग आधी सांगायला काय झालं हुतं?"

"भ्याले. तुमी लग्न मोडाल म्हणून."

विहीणबाई सोनालीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "केसाच्या काळ्या मेंदीनं माझ्या आख्ख्या डोक्याला फोड उठत्यात. आजपातूर घरात बी कुणाला ठावं न्हाई."

तेवढ्यात आक्काचे डहाळे मोजून झाले. तिने वाटीतला एक ठिपका घेतला आणि सोनालीच्या कोपराच्या आत टेकवला. "उष्टी हळद लागली. रीत झाली. आता घरची आणा."

दुसऱ्या दिवशी तो ठिपका लालभडक होऊन फुगला होता. तो बाहीखाली झाकला. झाकता आली नाही ती नवरदेवाची मान. मंगलाष्टकं चालू असताना बिचारा एकसारखा खाजवत होता. प्रियांका रडवेली होऊन आक्काकडे आली. "आजी, तुमचं मलम लावू?"

"पेटल्यावर काय बी लावायचं न्हाई. गार पाण्याची घडी ठेव. उद्या कमी न्हाई झालं तर डॉक्टर." मग नवरदेवाला म्हणाली, "जावईबापू, थोडा दम धरा. फोटो निघत्यात."

पाठवणी झाल्यावर मी चिडून विचारलं, "आक्का, तुमी का गप बसला?"

"मी बोलले असते तर म्हातारी भांडती म्हणाले असते. तू बोललीस, तर आई बोलली."

गेल्या वर्षी तिच्या छातीत कफ झाला म्हणून सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. सलाईनची सुई हातावर चिकटपट्टीने बसवलेली. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, तर पट्टीच्या कडेने कातडी लाल होऊन बारीक फोड आले होते. उभ्या गावाची कातडी तपासणारी बाई, स्वतःची आग गिळून पडली होती. म्हणाली, "असू दे. कामात असत्यात त्या."

मी उठून वॉर्डाच्या टोकाला टेबलापाशी गेले. "सिस्टर, ह्या पट्टीनं आमच्या आक्कांचं अंग उठलंय. दुसरी लावा. आत्ता." सिस्टर आल्या, बघितलं, आणि कागदी पट्टी लावून गेल्या.

आक्काचे डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "कमळे, हळू बोल गं. वॉर्डात पेशंट हायत."

दोन दिवसांनी ती गेली. मला जन्मात हळू बोल म्हणणारी ती एकटीच.